पाण्यावरचे पाहुणे

माणूस साठीला आला की त्याला घरच्यांनी काय भेट द्यावी याचे आपल्याकडे काही संकेत ठरलेले आहेत. शाल, श्रीफळ, चांदीचा पेला, फार तर अष्टविनायकाची यात्रा. माझ्या भाच्याने मला होडी दिली. तीही साधी नव्हे. पंपाने हवा भरून फुगवायची आणि काम झाले की घडी घालून पिशवीत कोंबायची. तिला कयाक म्हणतात. पिशवी उघडून आम्ही ती दिवाणखान्यात फुगवून पाहिली, तेव्हा सोफा सरकवावा लागला. आमची ही स्वयंपाकघराच्या दारात उभी राहून म्हणाली, "तुमचं वय काय आणि हा फुगा काय!" भाचा म्हणाला, "मामा, गळ टाकायला मला तूच शिकवलंस. आता काठावर किती दिवस बसून राहणार?"

त्याचे खरे होते. आमचे लहानपण कर्जतचे. उल्हास नदी हेच आमचे क्रीडांगण. मृगाच्या पहिल्या लोंढ्याबरोबर मासे प्रवाहाच्या उलट चढून ओहोळांत, भातखाचरांत अंडी घालायला येतात. त्याला आमच्याकडे वलगण म्हणतात. त्या रात्री कंदील आणि टोपल्या घेऊन सारा गाव पाण्यात उतरत असे. मळ्ये, शिंगटी, मुऱ्या, नशीब असेल तर एखादी वाम. बाकी वर्षभर वेताची काठी, तंगूस आणि गांडूळ. पण हे सगळे काठावरून किंवा गुडघाभर पाण्यातून. नदीच्या मध्यावर, पाण्याच्या पातळीला नाक टेकवून बसण्याचा योग साठीनंतर आला. आणि वाचकहो, गेल्या काही वर्षांत त्या फुग्यातून मासे किती मिळाले हे विचाराल तर मी विषय बदलेन. पण जी मंडळी भेटली, त्यांच्याविषयी मात्र सांगितलेच पाहिजे.

त्याआधी या होडीची थोडी जन्मकथा सांगतो. कारण पुढच्या गोष्टींचे मर्म तिच्यात आहे. कयाक ही ध्रुवप्रदेशातल्या इन्युइट लोकांची होडी. तिकडे झाडे नाहीत, म्हणून वाहून आलेल्या लाकडाचा किंवा व्हेल माशाच्या हाडांचा सांगाडा करायचा आणि त्यावर सीलचे कातडे ताणून बसवायचे. शिकाऱ्याने तिच्यात एकट्याने बसायचे, आवाज न करता वल्हवायचे आणि बर्फावर पहुडलेल्या सीलला कळायच्या आत भाल्याच्या टप्प्यात पोहोचायचे. जनावराला नकळत गाठणे, हाच तिचा जन्महेतू! आपण तिला प्लास्टिकची केली, नारिंगी रंग दिला, शनिवार-रविवारच्या करमणुकीला लावली. पण तिचा मूळ स्वभाव गेला नाही. इंजिनाची होडी येते ती वाजतगाजत. पाखरे उडतात, कासवे बुडी मारतात, सगळ्यांना सावध व्हायला वेळ मिळतो. कयाक येते ती मांजराच्या पावलाने. म्हणूनच तिच्यातून मासे धरताना जनावरे "अचानक" भेटतात.

पहिली भेट झाली ती उल्हासच्या एका डोहात. सकाळची वेळ, पाणी आरशासारखे. मी गळ टाकून ध्यानस्थ. पाणकावळा खडकावर पंख वाळत घालून बसला होता, खंड्या एका फांदीवरून दुसरीकडे जात माझ्यापेक्षा जास्त मासे मारत होता. इतक्यात डाव्या अंगाला पाण्यावर एक बारीक रेघ सरळ माझ्याकडे येताना दिसली. रेघेच्या टोकाला डोके होते. साप! मी वल्हे उचलीपर्यंत तो होडीच्या फुगीर कडेवर चढून माझ्या पायापासून वीतभर अंतरावर निवांत पसरला. अंगावर बुद्धिबळाच्या पटासारखे काळे चौकोन. दिवड. काही गावांत याला विरोळा म्हणतात. बिनविषारी, पण डिवचले तर कडकडून चावणारा. बेडूक आणि मासे हे त्याचे अन्न. त्याला वाटले असावे, चांगला ओंडका वाहत आला आहे. घटकाभर ऊन खावे.

हे सगळे ज्ञान मला काठावर सुखरूप आल्यानंतर आठवले. त्या क्षणी मी उठून उभा राहिलो. कयाकमध्ये उभे राहणे म्हणजे काय, हे ज्याने केले आहे त्यालाच कळेल. पुढच्या क्षणी मी पाण्यात, काठी पाण्यात, डबा पाण्यात आणि दिवड मात्र होडीत! अंगात लाइफ जॅकेट होते म्हणून हा लेख लिहायला मी आहे. दरवर्षी कर्जत-खालापुरात धबधब्यांवर, धरणांवर, नद्यांच्या डोहांत माणसे बुडतात. प्रशासनाला पावसाळ्यात बंदीचे आदेश काढावे लागतात. त्यातल्या किती जणांना पोहता येत होते, हा प्रश्न मनात येतो. सापाने मला काहीही केले नव्हते. मला पाण्यात पाडले ते माझ्याच घाबरटपणाने.

आता कुणी विचारील, की कोकणातल्या या नद्या होळीनंतर कोरड्या पडतात, मग तुम्ही एप्रिल-मे महिन्यांत होडी चालवता कुठे? प्रश्न रास्त आहे आणि त्याचे उत्तर घाटमाथ्यावर आहे. लोणावळ्याच्या परिसरातल्या तलावांत टाटांनी पावसाचे पाणी अडवले आणि ते नळांतून घाटाखाली सोडून वीज निर्माण केली. खोपोलीचे वीजघर सुरू झाले १९१५ साली, भिवपुरीचे १९२२ साली. वीज मुंबईला गेली. चाकावरून उतरलेले पाणी मात्र इथेच राहिले. खोपोलीचे पाणी पाताळगंगेत येते, भिवपुरीचे पेज नदीत आणि तिच्यातून उल्हासला. जे पाणी इंद्रायणीतून देहू-आळंदीवरून वाहत चंद्रभागेला मिळायचे, ते आमच्या खाचरांत उन्हाळी भात पिकवते. हे पाणी परत भीमेच्या खोऱ्याकडे वळवावे, अशी मागणी घाटावरून अधूनमधून होते. तिकडची तहानही खोटी नाही, आणि त्या वादात मी पडत नाही. इतकेच सांगतो, की शंभर वर्षे उन्हाळ्यात वाहणाऱ्या या पाण्याला माणसांइतकीच जनावरेही सरावली आहेत. मे महिन्यात माथेरानच्या पायथ्यापासून राजमाचीच्या कुशीपर्यंत रानातले झरे आटतात, तेव्हा जे काही तहानलेले असते ते अशा पाण्याकडे येते. आणि त्याच दिवसांत, सुट्ट्या असतात म्हणून, आपणही येतो. जाता जाता एक सावधगिरी: वीजघरातून पाणी सुटले की पात्र पाहता पाहता भरते. गावकऱ्यांना त्या वेळा ठाऊक असतात. त्यांना विचारल्याशिवाय अशा नदीत पाऊल टाकू नये.

दुसरी भेट जरा जिव्हारी लागली. खालापूर तालुक्यातल्या एका लहान धरणावर गेलो होतो. अशा धरणांतल्या मासेमारीचे हक्क बहुधा गावातल्या मच्छीमार सहकारी संस्थेकडे असतात. रोहू-कटल्याचे बीज त्यांनी सोडलेले असते, तेव्हा त्यांची परवानगी घेऊनच जावे. मी ती घेतली होती. दुपारी गळाला ओढ लागली. जड, संथ, झटका न देणारी ओढ. मी मनातल्या मनात कटल्याचे वजनही ठरवले. वर आले ते कासव. थाळीएवढे, मऊ पाठीचे, नाकपुड्या पुढे काढलेले, आणि ओठाच्या कडेत माझा गळ.

हे आपल्याकडचे गोड्या पाण्यातले नेहमीचे कासव. पोटाकडे त्याला कातड्याच्या झडपा असतात. मागचे पाय आत घेतले की त्या बंद होतात. तळे आटले तर चिखलात स्वतःला गाडून घेऊन पावसाची वाट पाहते. वन्यजीव संरक्षण कायदा १९७२ सालचा; त्याच्या पहिल्या अनुसूचीत, म्हणजे वाघाच्या पंक्तीत, या गरीब प्राण्याला जागा आहे. ते घरात पाळले की लक्ष्मी येते अशी समजूत आहे. येतात ते वनखात्याचे लोक.

मी घाईने तंगूस ओढू लागलो. काठावर जाळे सोडवत बसलेले एक कातकरी बाबा ओरडले, "वढू नका! फाटंल त्याचा जबडा. इकडं आणा." मी होडी काठाला लावली. त्यांनी ओला फडका कासवाच्या डोक्यावर टाकला, माझ्याकडून पक्कड मागून घेतली, गळाचे उलटे वळलेले अणकुचीदार टोक पकडीत चेपले आणि गळ आला त्याच वाटेने अलगद मागे काढला. रक्ताचे दोन थेंब आले. कासव पाण्यात गेले. मग बाबांनी माझ्याकडे पाहिले आणि विचारले, "हा घशात गेला असता तर काय केलं असतं?"

माझ्याकडे उत्तर नव्हते. गिळलेला गळ ओढला तर आतडी फाटतात. तंगूस कापून सोडून दिले तर ते पोटात जाऊन आतडी गोळा होतात. अशा वेळी जनावर ओल्या फडक्यात ठेवून वनखात्याला कळवणे एवढाच मार्ग उरतो. त्यांचा १९२६ हा मदतीचा क्रमांक आहे. पण मुळात ती वेळ येऊ नये म्हणून गळाचे उलटे टोक घरीच पकडीने चेपून ठेवावे, ही अक्कल मला पन्नास वर्षे गळ टाकूनही आली नव्हती. चार-दोन मासे सुटतील. सुटू द्यावेत. आपण काही त्यावर घर चालवत नाही.

बाबांनी मग मला काठ फिरून दाखवला. बाभळीच्या फांदीला अडकलेली तंगूस, दगडात गुंतलेली तंगूस, आणि एका गुंत्यात मेलेला, वाळून काठी झालेला दिवड. "ही आमची नाही," ते म्हणाले, "आमाला फेकाया परवडत नाय." नायलॉनचा तो धागा पाण्यात दिसत नाही आणि वर्षानुवर्षे कुजत नाही. मासे धरणारा घरी जातो. त्याचा तुटलेला धागा मात्र मासेमारी करतच राहतो.

तिसरी भेट मी विसरू शकत नाही, आणि खरे म्हणजे तिच्यासाठीच हे सगळे लिहायला बसलो.

तेच धरण. मे महिना. पहाटे धुके विरळ होत होते. पलीकडच्या काठावर कुत्री भुंकत होती. वाडीवस्तीची पाच-सहा कुत्री असावीत. पाण्यात मला एक तांबूस डोके दिसले. नारळ असावा असे वाटले. पण नारळाला कान होते. भेकर! कुत्र्यांनी रानातून हाकलत आणलेले ते भेकर जीव वाचवायला पाण्यात उतरले होते आणि पोहत धरण ओलांडून माझ्या बाजूच्या काठाकडे येत होते. डोके जेमतेम वर, नाकपुड्या फुललेल्या, मागे पाण्यावर पाचरीसारखी रेघ.

मला काय वाटले ते प्रामाणिकपणे सांगतो. पहिल्यांदा मोबाइल आठवला. असे दृश्य कोणाला मिळते! एक छायाचित्र काढले. मग वाटले, आणखी जवळून मिळेल. आणि त्याच्यापाठोपाठ, मनाला बरे वाटावे म्हणून, असाही विचार आला, की बिचारे दमले आहे, आपण शेजारी राहून त्याला काठाकडे वळवू. मी वल्हे मारले. दोनदाच. कयाक आवाज न करता पुढे सरकली.

भेकराने मला पाहिले आणि ते मागे वळले. जिथे कुत्री उभी होती तिकडे.

मी सुन्न झालो. त्याच्या मागे जावे तर ते आणखी लांब पळणार. हाक मारावी तर तेच. अर्धे धरण पोहून आलेले ते जनावर आता पुन्हा तेवढेच पोहणार होते, आणि पलीकडे दात वाट पाहत होते. इतक्यात काठावरून तोच ओळखीचा आवाज आला. "ओ भाऊ! वल्हं वर घ्या! हलू नका! त्याला वाट द्या!" बाबा आणि त्यांचा नातू दगड उचलत, आरोळ्या ठोकत धरणाच्या बांधावरून पलीकडे धावत सुटले होते. मी वल्हे मांडीवर आडवे घेतले, खाली वाकलो आणि निश्चल राहिलो. वारा होता, त्याने होडी हळूहळू बाजूला नेली. किती वेळ गेला कोण जाणे. कुत्री पांगली. भेकर पाण्याच्या मध्यावर एकदा गोल फिरले, बहुधा दिशा चुकले, आणि शेवटी एका कोपऱ्यात काठाला लागले. उभे राहिले तेव्हा पाय लटपटत होते. थोडा वेळ मान खाली घालून उभे होते. मग करवंदीच्या जाळीत दिसेनासे झाले.

काठावर आल्यावर मी म्हणालो, "बाबा, वाचलं बरं का." ते धापा टाकत होते. म्हणाले, "वाचलं का नाय ते सांजच्याला कळंल. लई दमलं की मागनं मरतं." नंतर मी वाचले तेव्हा समजले, की ते शब्दशः खरे आहे. हरणांच्या कुळातले प्राणी जिवाच्या भीतीने अति धावले की त्यांचे स्नायू आतून निकामी होतात आणि सुटका झाल्यावर काही तासांनी, कधी काही दिवसांनी ते मरतात. दुसऱ्या दिवशी मी मुद्दाम गेलो. त्या जाळीत काही सापडले नाही. त्यावरून काही सिद्ध होत नाही.

ते छायाचित्र माझ्या मोबाइलमध्ये अजून आहे. उत्तम आले आहे. मी ते कोणाला दाखवत नाही.

या भेटींना आपण "अचानक" म्हणतो, पण अचानक कोणाला? दिवड त्या डोहात रोज पोहत होता. कासव त्या गाळात कदाचित त्या बांधाइतकेच जुने असेल. भेकराची पाण्याची वाट ठरलेली होती. त्या साऱ्यांच्या दिवसात अचानक उगवलेली एकच गोष्ट होती, ती म्हणजे नारिंगी रंगाचा मी.

हे कोणी फार मोठी किंमत मोजूनही शिकले आहे. ऑस्ट्रेलियात वाल प्लमवुड नावाच्या तत्त्वज्ञ बाई होत्या. फेब्रुवारी १९८५ मध्ये काकाडू राष्ट्रीय उद्यानात त्या एकट्याच छोट्या होडीतून फिरत असताना खाऱ्या पाण्यातल्या मगरीने होडीला धडका दिल्या आणि काठावरच्या झाडाकडे झेपावताना त्यांना पाण्यात ओढले. तीनदा तिने त्यांना पाण्याखाली फिरवले. तिन्ही वेळा त्या सुटल्या आणि जखमी पायाने सरपटत मदतीच्या टप्प्यात आल्या. वाचल्यावर वनरक्षक त्या मगरीला मारायला निघाले, तर बाईंनीच त्यांना विरोध केला. मगर आपल्या घरी होती, आगंतुक मी होते, असा त्यांचा युक्तिवाद. त्यानंतर त्या २००८ पर्यंत जगल्या आणि आपणही कोणाचे तरी भक्ष्य असू शकतो या अनुभवावर त्यांनी विचार मांडला.

आपल्याकडे कुठल्या मगरी, असे म्हणून पान उलटू नका. आपल्याच रायगडात महाडजवळ सावित्री नदीत गोड्या पाण्यातल्या मगरी नांदत आहेत, आणि २०२४ च्या पावसाळ्यात चिपळूणच्या रस्त्यावरून चालत जाणारी मगर साऱ्या महाराष्ट्राने मोबाइलवर पाहिली. उद्या एखादा उत्साही गृहस्थ तिथेही फुग्याची होडी घेऊन जाईल, आणि काही घडले तर आपण मगरीला दोष देऊ.

कर्जत-खालापूर आता मुंबई-पुण्याचे परसदार झाले आहे. नदीकाठी शेतघरे, रिसॉर्ट, शनिवारची गर्दी. दोन होड्या होत्या तिथे वीस होतील. त्यांना बंदी घाला, असे मी म्हणणार नाही. नदीवर जीव जडायचा असेल तर नदीत उतरायला हवे, असे माझे मत आहे. माझा आग्रह थोडाच आहे. गळाचे टोक चेपलेले असावे. तुटलेला धागा, आपला आणि दुसऱ्याचाही, पिशवीत परत यावा. जनावर दिसले की वल्हे वर घ्यावे. जवळ जाऊ नये, वळवू नये, वाचवायलाही जाऊ नये. त्याला पाणी मोकळे करून द्यावे. आणि पाण्यात उतरण्यापूर्वी काठावर जो जाळे सोडवत बसला आहे, त्याला विचारावे. कातकरी हा महाराष्ट्रातल्या तीन अतिवंचित आदिवासी समाजांपैकी एक. आपण त्यांच्याकडून मासे घेताना भाव पाडतो. त्या पाण्यावर काय करू नये हे त्यांच्याइतके कोणाला कळत नाही, आणि ते सांगायला त्यांना कोणी विचारत नाही.

मी अजूनही जातो. गुडघे कुरकुरतात, होडीला एक ठिगळ लागले आहे. परतल्यावर ही दारातच विचारते, "काय मिळालं?" मी पिशवीतून मूठभर तंगूस काढून ओट्यावर ठेवतो. एखादा मासा असलाच, तर तोही तिच्या शेजारी ठेवतो.